न मुरलेलं खत

त्याला सगळं शहर मामा म्हणायचं. खरा मामा तो फक्त ताईच्या दोन मुलींचा. पण त्या शाळेत असताना मैत्रिणींना घेऊन त्याच्या खतप्रकल्पावर यायच्या, मैत्रिणी आपल्या भावंडांना आणायच्या, आणि असं करत करत नातं गावभर पसरलं. आता त्याच्याहून वयानं मोठी माणसंही रस्त्यात थांबवून "काय मामा, यंदाचं खत कधी?" असं विचारायची. त्याला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

शहराच्या कडेला, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात नगरपालिकेचा हा प्रकल्प होता. घराघरातलं उष्टं-खरकटं, भाज्यांची देठं, बागांतला पालापाचोळा तिथे यायचा. त्याचे लांबट ढीग लागायचे, ते मुरायचे, आणि काळंभोर भुसभुशीत खत होऊन लोकांच्या वाफ्यांत परत जायचं. मामा तिथला प्रमुख. हाताखाली मोजकी माणसं, ढीग उलटणारा एक लोडर, एक मोठी फिरती चाळण आणि फांद्यांचा चुरा करणारं एक यंत्र. शाळेची सहल आली की लोडरच्या सुपाच्या काठावर बसून तो मुलांना जिवाणूंची गोष्ट सांगायचा.

"जिवाणूला दात नसतात," अशी त्याची सुरुवात असायची, आणि मुलं हसायची. "मग तो खातो कसा? आधी अंगातून रस सोडतो, समोरचा घास त्या रसात विरघळवतो, आणि मग पिऊन टाकतो. आता ही ओल्या कचऱ्याची हिरवी पिशवी बघा. आहे प्लास्टिकच, पण त्याला पचेल असं बनवलेलं. तरी प्लास्टिक म्हणजे लांबलचक माळ. अख्खी माळ त्याच्या घशाखाली उतरत नाही. ढिगाच्या पोटात ताप चढला की माळ सैल होते, ओलाव्यानं तुटते, मणी सुटे होतात. मग काय, ताव मारायचा. आणि ढिगाला हा ताप कुठून येतो? त्यांच्याचमुळे. एवढे कोट्यवधी जण एकदम जेवायला बसले की घर तापणारच."

हे सगळं खरं होतं. पिशव्यांची पहिली चाचणी झाली तेव्हा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम स्वतः येऊन बसायच्या. सूक्ष्मजीव हा त्यांचा विषय. हातभर लांबीचा तापमापक ढिगात खुपसून त्या आकडा बघायच्या, ओंजळीत खत दाबून ओल बघायच्या, ढीग उलटायला लावायच्या. कितीतरी आठवडे तो ढीग वाफाळत राहिला. शेवटी उघडला तेव्हा पिशव्यांच्या नुसत्या गाठी उरल्या होत्या, आणि पुढच्या खेपेला त्याही नव्हत्या. मामानं नगरपालिकेच्या सभेत हे इतकं रंगवून सांगितलं की शहरातल्या प्रत्येक घराला हिरव्या पिशव्या द्यायचा ठराव तिथल्या तिथे झाला. रंग कुठला असावा हेही त्यालाच विचारलं होतं. हिरवा, तो म्हणाला. पानासारखा.

निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "पिशवी विरते हे खरं, मामा. पण ढीग तापला तर. आणि तापलेला राहिला तर. लोकांना सांगताना हा 'तर' गाळू नका."

मामानं मान डोलावली, आणि पुढच्या सहलीपासून 'तर' गळला.

पिशव्या सुरू झाल्या आणि ओल्या कचऱ्याच्या गाड्या दुपटीनं यायला लागल्या. वाळका पाला मात्र होता तेवढाच. ढीग गिच्च व्हायला लागले, आत हवा शिरेना, ताप चढेना. चढला तरी टिकेना. त्यात जागा अपुरी. फाटकावर नव्या गाड्या उभ्या, म्हणून जुना ढीग वेळेआधीच उघडायचा. तसा पहिला ढीग उघडला तेव्हा चाळणीवर हिरव्या चिंध्या अडकून फडफडत होत्या. कुठे अर्धी पिशवी, कुठे नुसता काठ, कुठे गाठीसकट तोंड.

तेव्हाच मामा म्हणू शकला असता की बाबांनो, यंदा खत उशिरा. लोक थोडे कुरकुरले असते आणि गप्प बसले असते. पण हंगाम तोंडावर आला होता, रस्त्यात माणसं विचारत होती, आणि "मामा म्हणजे शब्दाचा पक्का" हे वाक्य ऐकायची त्याला सवय झाली होती. त्यानं फांद्यांचं यंत्र सुरू करायला सांगितलं आणि सगळा ढीग त्यातून काढायला लावला. चिंध्यांचे बारीक बारीक तुकडे झाले, काळ्या ओल्या खतात माखले आणि दिसेनासे झाले.

"जमिनीत गेल्यावर विरतील ना हे, मामा?" लोडरवाल्यानं विचारलं.

"विरतील की," मामा म्हणाला.

बागेतली माती कधी तापत नाही हे त्याच्याइतकं त्या आवारात कोणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तो "विरतील की" म्हणाला, आणि पुढच्या ढिगाला तर त्याला कोणी विचारलंही नाही. यंत्र आपोआप सुरू झालं. दिसत नाही म्हणजे नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मॅडमचे फोन यायला लागले तेव्हा तो कामात असायचा. मग तर त्यांचं नाव दिसलं की फोन खिशातच राहायचा.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याच्या बुटांची नाडी बांधण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं होतं. पुढे ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. आयुष्यभर लोकांच्या चुका वेचल्या, असं ती स्वतःच म्हणायची. बोलायला रोखठोक. भिडेखातरसुद्धा तिच्या तोंडून कधी खोटं निघायचं नाही. कोणी हौसेनं विणून आणलेला स्वेटर आखूड असला तर "आखूड झालाय" हे ती घालून बघायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची. मुली आपापल्या घरी गेल्या, आणि नवरा गेल्यावर ती एकटीच राहायची, आणि घरामागच्या वाफ्यांत रमायची.

एका दुपारी मामा त्या बाजूच्या बागेला खत उतरवून परत निघाला होता. चहा प्यावा म्हणून त्यानं गाडी ताईच्या दारात उभी केली. दार नुसतं लोटलेलं होतं. घरात कोणी नाही, मागच्या वाफ्यांतही नाही. कुंपणापलीकडून खुरपल्यासारखा आवाज आला म्हणून त्यानं वाकून पाहिलं. शेजारी कोपऱ्यावरच्या बेकरीवालीचं घर होतं. ती दिवसभर दुकानात असायची, आणि पाणी घालायला म्हणून किल्ली ताईकडे ठेवायची.

ताई तिच्या गुलाबांच्या वाफ्यात जुन्या उशीवर गुडघे टेकून बसली होती. एका हातानं डोळ्याशी धरलेलं छापखान्यातलं भिंग, दुसऱ्या हातात भुवयांचा चिमटा. मातीतून काहीतरी उचलायची आणि शेजारच्या वाडग्यात टाकायची.

"गोगलगायी वेचतेस का गं?" त्यानं हसत विचारलं.

ती दचकली. चोरी करताना सापडल्यासारखी दचकली. घाईघाईनं वाडगं ॲप्रनच्या खिशात कोंबायला गेली, ते कलंडलं, आणि फरशीवर हिरवे ठिपके विखुरले. नखाएवढे, काही त्याहून लहान. पाण्यानं धुतलेले, स्वच्छ, पानासारखे हिरवे.

मामाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कसं पुसावं हे त्याला कळेना.

"किती दिवस करतेयस हे?"

"ती दुकानात असते तेवढा वेळ."

"तसं नाही विचारलं."

"कळलं मला काय विचारलंस ते," ताई म्हणाली, आणि मग तुकड्यातुकड्यानं सगळं सांगितलं. हंगामाच्या सुरुवातीला तिनं स्वतःच्या वाफ्याला झारीनं पाणी घातलं, तेव्हा माती खाली बसली आणि हे वर आलं. आधी तिला वाटलं, वाऱ्यानं काहीतरी उडून आलंय. भिंगातून बघितल्यावर एका तुकड्यावर पिशवीवरच्या अक्षराचा काना दिसला. अक्षरं ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. तिनं आपला वाफा वेचून काढला. मग शेजारणीचा दिसला, पलीकडच्या घराचा दिसला. लोकांच्या लक्षात यायच्या आत जमेल तेवढं वेचावं, असं तिनं ठरवलं. बेकरीवालीच्या मात्र लक्षात आलंच. तिनं विचारलं, हे हिरवं काय आहे हो?

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, औषध आहे. मुळांसाठी. सावकाश विरघळतं."

"तू असं सांगितलंस?"

"हो."

एवढंच बोलून ती फरशीवरचे तुकडे वेचायला लागली.  स्वतःची लाज वाटायला हवी, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण लाज बाहेर पडताना रागाच्या दारातून बाहेर पडली. तिला कोणी सांगितलं होतं या भानगडीत पडायला, असं तो म्हणाला. माझी अब्रू काय तुझ्या चिमट्यात आहे का, असंही म्हणाला. आवाज चढला होता. ताईनं मान वर केली नाही. तो निघाला तेव्हा तिनं "चहा?" एवढंच विचारलं, आणि तो "नको" म्हणून निघून गेला.

त्या दिवसापासून त्याला ते तुकडे सगळीकडे दिसायला लागले. चौकातल्या फुलझाडांत, दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी, शाळेच्या कुंपणालगत. जिथे जिथे पाणी पडे तिथे तिथे माती बसे आणि हिरवं वर येई. इतके दिवस ते नव्हतं का? होतं. त्याला बघायचं नव्हतं.

"हल्ली मान खाली घालून चालता," त्याची बायको म्हणाली. "पाठ धरलीय का?"

तो "हो" म्हणाला. तिनं त्याला पालथं झोपवलं आणि मलम चोळायला घेतलं. नसलेल्या दुखण्यावर ती मन लावून चोळत राहिली, मधूनमधून "इथे का?" म्हणून विचारत राहिली, आणि तो उशीत तोंड खुपसून "हं, तिथेच" म्हणत राहिला. एकदा त्याच्या मनात आलं, आत्ताच सांगावं. पण तिचे हात इतके मायेनं फिरत होते, की त्याला धीर झाला नाही.

पुढे दुसऱ्या एका शहरातली मंडळी प्रकल्प बघायला आली. त्यांनाही हिरव्या पिशव्या आणायच्या होत्या. नगरपालिकेतल्या साहेबांनी आवारात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, आणि मामाच्या घरच्यांनाही बोलावलं. ताई येईल असं मामाला वाटलं नव्हतं. पण ती आली, ठेवणीतला कोट घालून आली, आणि शेवटच्या रांगेत बसली.

मामानं मनाशी पक्कं केलं होतं. उठायचं आणि पहिलंच वाक्य बोलायचं: मंडळी, हे सगळं दिसतं तसं नाही. सकाळपासून तो ते पुटपुटत होता. पण तो उभा राहिला, समोरचे चेहरे आपसूक हसरे झाले, आणि तोंडातून नेहमीचंच निघालं, "जिवाणूला दात नसतात." लोक हसायच्या जागी हसले. पुढचं सगळं घसरगुंडीसारखं झालं. माळ, मणी, ताप, ताव. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा ऐकू येत होता, आणि तो थांबवता येत नव्हता.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "खतात तुकडे राहत नाहीत का?"

उत्तर द्यायला केवढी सोपी जागा होती ती. मामा खाली वाकला आणि शेजारच्या छोट्या ढिगातून ओंजळ भरून खत उचललं. तो ढीग पाहुण्यांना दाखवायलाच ठेवलेला. नीट तापवलेला, पुरता मुरलेला. "शोधा आणि दाखवा," तो म्हणाला. बाईंनी बोटांनी खत पसरलं, हुंगलं, शेजारच्याला दाखवलं. काहीच सापडलं नाही. टाळ्या पडल्या. त्यानं मान वर करून पाहिलं तर शेवटच्या रांगेत ताईही टाळ्या वाजवत होती. मोजून, सावकाश. पाठांतर विसरलेल्या पोराला धीर यावा म्हणून वाजवतात तशा.

नंतर तो तिला गाठायला फाटकापर्यंत धावला. काय बोलणार होता कोण जाणे. बस येताना दिसत होती. ताईनंच तोंड उघडलं, आणि तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता.

"एक सांगते. आता तू खोटं बोललास की ते मी निस्तरेन, असं धरून चालू नकोस. माझ्यानं खाली बसवत नाही रे आता. गुडघे गेलेत माझे."

बसच्या दांडीला धरून ती कशीबशी वर चढली. मदतीला पुढे केलेला त्याचा हात हवेतच राहिला.

मांडव सोडून तो तसाच प्रयोगशाळेत गेला. मॅडम काचेच्या बशा मांडून बसल्या होत्या. त्यानं बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली: न तापलेले ढीग, यंत्र, "विरतील की", आजची ओंजळ. मॅडमनी ऐकता ऐकता हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, की फोन याचसाठी करत होते. आमच्या सोसायटीच्या बागेतही आलेत तुकडे.

मामानं विचारलं की असे काही जिवाणू देता येतील का, जे पाण्यातून बागांत शिंपडले की तुकडे खाऊन टाकतील. विचारतानाच त्याला कळलं की आपण अजून सुटायचीच वाट शोधतोय.

"थंड मातीत ते कुरतडत बसतील," मॅडम म्हणाल्या. "किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. जिवाणू त्यांचं काम करतात हो, मामा. आपण आपलं करायला हवं होतं. माती चाळा, तुकडे परत ढिगात आणा, आणि या वेळी ढिगाला ताप चढू द्या. मी येते तापमापक घेऊन."

साहेबांना सांगणं त्याहून अवघड गेलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग विचारलं, लोकांना दिसतंय का? नीट बघितलं तर दिसतं, मामा म्हणाला.

"लोक नीट बघत नाहीत," साहेब म्हणाले. "तेवढं तुम्हालाही ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. याच भरवशावर तर त्यानं यंत्र चालवलं होतं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती हलकट वाटतं, हे त्याला त्या खुर्चीत बसून कळलं. साहेब पुढे बरंच समजावत राहिले. पाहुणे आत्ताच गेलेत, आणखी शहरं विचारतायत, यंदापुरतं गप्प राहू, पुढच्या वर्षी सुधारू. मामा खाली बघत राहिला. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, की सांगायचंच असेल तर नगरपालिकेच्या नावानं सांगायचं नाही, स्वतःच्या नावानं सांगा.

"माझ्याच नावानं सांगायचंय," मामा म्हणाला.

त्यानं फाटकावर पाटी लावली. खत देणं बंद आहे. आतापर्यंत नेलेल्या खतात पिशव्यांचे तुकडे आहेत. चूक माझी. खाली नाव लिहिताना तो थबकला. मग 'मामा' असंच लिहिलं, कारण दुसऱ्या नावानं त्याला कोणी ओळखलंच नसतं. मग पाहुण्या बाईंना फोन केला.  त्या म्हणाल्या, "आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या," आणि फोन ठेवला. त्या दिवशी त्यानं बायकोलाही सांगितलं. ती मलमाची बाटली हातात घेऊनच आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, बाटलीचं झाकण लावलं आणि आत गेली. जेवताना ती बोलली, पण मिठाबद्दल.

दुसऱ्या दिवसापासून मामा आणि लोडरवाला हातगाडीवर चाळण्या घालून दारोदार फिरायला लागले. वाफ्यातली वरची माती काढायची, चाळायची, बारीक राहिलेलं वेचायचं, माती परत पसरायची. लोकांनी रागवावं अशी मामाची तयारी होती. एका बाईंनी त्याच्या तोंडावर फाटक लावून घेतलं, ते त्याला बरंच वाटलं. एका म्हाताऱ्या शिंप्यानं आपल्या दुकानाबाहेर चार माणसं जमली असताना मोठ्यानं म्हटलं, "आम्ही तुम्हाला मामा म्हणत होतो, आणि तुम्ही आम्हालाच मामा बनवलंत की!" सगळे खो खो हसले. मामाही हसला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, चेहरा कुठे लपवावा कळत नव्हतं, तरी हसला. पण सर्वांत जड गेलं ते "सोडा हो मामा, एवढं काय त्यात, माणूस आहे, चुकतो" असं म्हणणाऱ्यांच्या घरी. तिथे त्याला सांगावं लागायचं, की नाही, चुकलो नाही, ठाऊक असून केलं. हे प्रत्येक वेळी नव्यानं सांगावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी समोरचा चेहरा जरासा बदलायचा. आधीचा मऊपणा जायचा. तेवढं तो बघून घ्यायचा आणि चाळणी उचलायचा.

आवारात मॅडमनी नवा ढीग रचून घेतला. वाळका पाला लांबून आणवला, थरांमध्ये हवा खेळती ठेवली, ओल बेताची राखली. बागांतून चाळून आणलेले हिरवे तुकडे त्याच्या पोटात घातले. सुरुवातीला तापमापक हलेचना. मग एका सकाळी ढिगाच्या माथ्यावरून वाफ निघताना दिसली आणि लोडरवाल्यानं आरोळी ठोकली. ढीग तापला आणि तापलेला राहिला. कितीतरी आठवड्यांनी तो उलटला, तेव्हा बरेच तुकडे गेले होते. उरले होते ते हातात घेतल्यावर बिस्किटासारखे चुरत होते. मॅडम म्हणाल्या, अजून वेळ द्या. मामानं दिला. पण जे बागांतून परत आलंच नव्हतं, त्याचा हिशेब कुठल्याच ढिगात नव्हता.

ताईच्या गल्लीत तो सगळ्यांत शेवटी गेला. पलीकडची घरं झाली, आणि बेकरीवालीचं तेवढं राहिलं. आज नको, उद्या जाऊ, असं तो ताईच्या ओट्यावर बसून म्हणत होता. ताईनं कोट अंगात घातला.

"चल. मीही येते."

"तू कशाला?"

"माझं खोटं मी सांगणार. तुझं तू सांग."

बेकरीला सुट्टी होती, तरी बाई घरात पीठ मळतच होत्या. कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनीच त्यांनी दार उघडलं. ताई दारातच बोलली. म्हणाली, तुम्ही मागे विचारलंत ते हिरवं औषध नव्हतं. पिशव्यांचं प्लास्टिक होतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. भावाला वाचवायला मी तुमच्याशी खोटं बोलले. मग मामानं आपलं सांगितलं. ताईच्या चार वाक्यांपुढे त्याला आपलं लांबण लागलेलं सांगणं अगदी पोकळ वाटलं.

बेकरीवाली हातावरचं पीठ बोटांनी खरवडत राहिली. मग ताईकडे बघून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही." आणि मामाकडे वळून, "मी ते खत सुनेच्या कुंड्यांत घातलंय. औषध आहे म्हटल्यावर मूठभर जास्तच घातलं. टोमॅटो लावलेत तिनं. मुलं तोडून तशीच खातात."

ताई पायरीवर खाली बसली. गुडघ्यांची आठवण न ठेवता एकदम बसली.

"पत्ता द्या," मामा म्हणाला.

"पत्ता देते. पण तिला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

सुनेचं घर उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट बंद होती. मामानं ताईला खालीच थांबायला सांगितलं. ती कठड्याला धरून चढायलाच लागली. दर वळणावर ती दम खाई, आणि मामा चाळणी काखेत धरून उभा राही.  दार उघडणारी सून तरुण होती, कडेवर मूल होतं. तिनं उंबऱ्यात उभं राहूनच सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"मुलांनी टोमॅटो खाल्लेत. काही होईल का?"

या शहरात इतकी वर्षं मामाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "ज्यांना माहीत आहे त्यांना विचारून तुम्हाला सांगतो."

त्यानं तिथूनच मॅडमना फोन लावला आणि तो थेट सुनेच्या हातात दिला, आपण मध्ये राहिला नाही. ती बराच वेळ ऐकत होती, मधूनच "धुऊन, हो, धुतले होते" असं म्हणत होती. मग तिनं फोन परत केला, मुलांना आतल्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं, आणि गॅलरीकडे बोट दाखवलं.

मामानं पहिली कुंडी जुन्या कागदावर उलटी केली. ताईसाठी सुनेनं एक स्टूल आणून ठेवलं. स्वतः मात्र हाताची घडी घालून उभीच राहिली. दोघं माती चाळत होते, आणि प्रत्येक हिरवा तुकडा कागदाच्या कडेला ठेवला जाईपर्यंत ती बघत होती.